सर, फराळावर राग नाहीये माझा

सर, तुमची कमेंट परवा रात्री वाचली, लगेच उत्तर लिहायला घेतलं आणि पुसून टाकलं, कारण रागात होते. त्यात ॲडमिशनचे दिवस, झेरॉक्सवाल्याला मरायला फुरसत नसते. आज शटर ओढून निवांत बसलेय, त्यामुळं लांबेल, सांभाळून घ्या.

ज्यांनी कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बालगृहातून अठरा पूर्ण झाली की बाहेर पडणाऱ्या मुलांवर मी लिहिलं होतं, त्यात "वाढदिवसाचा केक कापायला गाडीभर माणसं येतात, अठरावा झाला की कुत्रं विचारत नाही" असं एक वाक्य होतं. सर गणिताचे निवृत्त शिक्षक आहेत, दरवर्षी दिवाळीला संस्थेत फराळ आणि कपडे नेतात, त्यांना वाटलं मी त्यांच्यासारख्यांची टिंगल केली. पुढं म्हणतात की सरकारच्या इतक्या योजना आहेत, नोकरीत आरक्षण पण आलं, आता रडगाणं कशाला. त्यांचं म्हणणं, अठरा झाल्यावर आमच्या पोरांनी पण स्वतःच्या पायावरच उभं राहायचं असतं. आणि शेवटी, "एक पोर घरी आणून दाखवा, उंटावरून शेळ्या हाकू नका."

केकचं वाक्य चुकलं माझं. राग फोटोवाल्यांवर होता, लागला तुम्हाला. पोरांच्या तोंडात केक कोंबतानाचे फोटो चेहऱ्यासकट फेसबुकवर टाकतात, जेजे ॲक्टच्या, म्हणजे बालन्याय कायद्याच्या, कलम ७४ प्रमाणं या मुलांची ओळख उघड करणं गुन्हा आहे हे त्यांच्या गावीही नसतं. तुम्ही असलं काही करत नसणार. चकली-लाडू न्या, खुशाल न्या, पोरं वाट बघतात हे मी पण पाहिलंय.

योजनांचं म्हणाल तर त्या आहेत, खोटं कशाला बोलू. राज्याच्या बालसंगोपन योजनेचे महिन्याला २२५० रुपये मिळतात, आधी ११०० होते, त्याच्याआधी तर ४२५, पण ते घरात किंवा नातेवाइकांकडं राहणाऱ्या पोराला, आणि तेही अठरापर्यंतच. कोविडमध्ये आईबाप दोघंही गेले त्या मुलांच्या नावावर राज्यानं ५ लाखांची ठेव ठेवली, चांगलंच केलं, पण ज्याचा बाप दारूनं गेला आणि आईनं दुसरं लग्न केलं त्याचं काय? २०१८ चं १ टक्का आरक्षण अनाथांसाठी, त्याला अनाथ प्रमाणपत्र लागतं. आता मी ज्या मुलांना ओळखते त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांची आई नाहीतर बाप कुठंतरी जिवंत आहे, सांभाळायची ताकद नाही म्हणून पोर संस्थेत. म्हणजे अनाथ पण नाही आणि घर पण नाही, त्रिशंकू. अठरानंतरच्या मदतीची सोय त्याच जेजे कायद्यात आहे, कलम ४६, आणि केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत २१ पर्यंत, गरज पडली तर २३ पर्यंत, महिना ४००० रुपये धरलेत. पण त्याला अर्ज करायचा, कागद गोळा करायचे, चकरा मारायच्या, आणि मुळात असं काही असतं हे त्या पोराला कुणीतरी सांगायला पाहिजे ना. तो कुणीतरीच नसतो.

मला हे कळलं ते दुकानात, काही समाजसेवा वगैरे करायला गेले नव्हते मी. दोन वर्षांपूर्वी एक पोरगा फॉर्म भरायला आला. जन्मतारीख १ जून. तुम्ही मास्तर, तुम्हाला काय सांगायचं, तुमच्या हजेरीत अर्धा वर्ग १ जूनचा असेल. बारावीचा निकाल मेमध्ये लागलेला, ॲडमिशन जूनमध्ये, आणि १ जूनला हा कागदावर सज्ञान, म्हणजे ऐन धावपळीत पत्र्याची पेटी उचलून बाहेर. तर फॉर्ममध्ये पालकाचा मोबाईल असा रकाना होता. तो बराच वेळ पेनाचं टोपण चावत बसला आणि मग हळूच म्हणाला, "ताई, इथं माझाच नंबर टाकला तर चालतो का?" मी म्हटलं टाक. टाकला, तर कॉम्प्युटर म्हणतोय दोन्ही नंबर वेगळे पाहिजेत. मागं पंधरा जणांची लाईन. मी माझा नंबर टाकून मोकळी झाले, त्याच्यात काय विचार केला होता असं नाही. तेव्हापासून त्याच्या कॉलेजचे फोन मला येतात, हजेरी कमी आहे म्हणून. माझ्या स्वतःच्या पोरीच्या कॉलेजनं कधी फोन केला नाही!

मग खोली बघायला निघालो. भाडेकरार, पोलीस व्हेरिफिकेशन, कायमचा पत्ता. त्यानं प्रामाणिकपणे संस्थेचा पत्ता लिहिला, मालकानं वाचला आणि "अहो खोली तर कालच दिली," म्हणाला. तीन ठिकाणी हेच. लोकांच्या डोक्यात बालगृह म्हणजे रिमांड होम आणि रिमांड होम म्हणजे चोर, आणि काही ठिकाणी दोन्ही एकाच आवारात असतात त्यामुळं तर बोलायलाच नको. चौथ्या मालकाला माझ्या मिस्टरांनी "आमच्या ओळखीतला आहे" एवढंच सांगितलं, त्याच दिवशी चावी.

पहिल्या आठवड्यात त्याच्या खोलीवर गेले तर पातेलंभर भात, चार माणसं जेवतील एवढा. संस्थेत स्वयंपाकघरात मदत करायचा तो, साठ पोरांची आमटी डोळे झाकून करेल, पण एका माणसाला मीठ किती हे त्याला माहीतच नव्हतं. पहिला पगार (पार्टटाईम, एका गोडाऊनमध्ये) पाच दिवसांत संपला, बूट आणि मित्रांना पार्टी. मी चिडले. आता वाटतं, हातात स्वतःची दहाची नोट कधी आली नाही त्यानं हिशोब शिकायचा कुठं?

सर, माझी पोरगी वीसची आहे, पुण्यात शिकते. "स्वतःच्या पायावर" आहे म्हणायचं, पण सुट्टीला येते ती धुवायच्या कपड्यांची बॅग घेऊन आणि जाते ती लोणच्याची बरणी घेऊन, आणि डिपॉझिट बापानं भरलंय. आपली पोरं अठराला उभी राहतात ती मागं भिंत असते म्हणून.

आता घरी आणायचं. चौकशी केली होती मी, फोस्टर केअरची, म्हणजे प्रतिपालकत्व. दत्तकासारखं मूल कायमचं आपल्या नावावर होत नाही, सीडब्ल्यूसी म्हणजे बालकल्याण समिती ठरवते, घराची चौकशी होते, मुलाचंही मत विचारतात, आणि त्याच्या घरची घडी बसली तर ते परत जाऊ शकतं. २०२४ पासून तर एकट्या माणसालाही अर्ज करता येतो. सासूबाईंचं म्हणणं, "परत द्यायचं तर जीव कशाला लावायचा?" मिस्टर म्हणाले, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. दोन खोल्या, त्यात सासूबाई अंथरुणावर. पण सगळं त्यांच्यावर ढकलत नाही, माझीच हिंमत झाली नाही. तुमचा टोला बसला तो बरोबर जागी बसला.

पण म्हणून गप्प बसायचं हे नाही पटत. एका घराला जमत नाही ते पाच-सहा घरांनी वाटून घेतलंय आम्ही. व्हॉट्सॲप ग्रुप आहे, आधी त्याचं नाव "१८+" ठेवलं होतं, भाच्यानं पाहिलं आणि हसून लोळला, मग "जामीनदार" केलं. कुणी डिपॉझिट उसनं देतं, कुणाकडं रविवारचं जेवण. मागच्या पावसाळ्यात एकाला डेंगू झाला, ॲडमिट करताना काउंटरवर "नातेवाईक कोण?" विचारलं, तर ग्रुपमधले टेलर काका पुढं झाले आणि "मी चुलता" म्हणून सही ठोकली. कायद्यानं बसतं का माहीत नाही, पण रात्रभर बाकड्यावर तेच बसून होते. सध्या चार मुलं आणि एक मुलगी, एवढाच पसारा. एक मुलगा मध्येच सोडून गेला, फोन उचलत नाही, ते पण सांगून ठेवते, नाहीतर म्हणाल चांगलं तेवढंच लिहिते.

ती मुलगी पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला आहे, सगळे विषय निघाले, गणित दुसऱ्यांदा राहिलं. क्लासची फी परवडणारी नाही आणि आमच्या ग्रुपमध्ये सगळे माझ्यासारखेच, भागाकाराला मोबाईल काढणारे. तुमच्या कमेंटवरून तुम्ही आमच्याच तालुक्यातले दिसता. रविवारी दुकान बंद असतं पण अकरा ते एक शटर अर्धं वर असतं, ती तिथं काउंटरवर अभ्यासाला बसते. वाकून आत यावं लागेल, तेवढं डोकं सांभाळा.