वाघ मोठा करा, जंगल पुसून टाका

भाऊ, लांबचं जवळ आणणारी सहाशे एमएमची लेन्स घेतली, हप्ते चालू आहेत, आणि आता लोक सांगायला लागलेत की जनावर लहान ठेवा, त्याचा डोंगर-माळ पण फोटोत येऊ द्या. बिलकुल ऐकू नका. एवढे पैसे काय सातपुडा दाखवायला घातले का? फ्रेम भरली पाहिजे, डोळ्यात आपली बोलेरो दिसली पाहिजे. सत्तर-दोनशेची छोटी लेन्स बॅगेत तळाला राहू द्या, लग्नाच्या ऑर्डरीला कामी येते.

आता रानपिंगळ्याचंच घ्या. १८८४ नंतर शंभराहून जास्त वर्षं हा पक्षी कोणाला खात्रीने सापडला नाही, लोकांनी संपलाच म्हणून सोडून दिलेला, आणि १९९७ ला आपल्या शहाद्याजवळ परत सापडला. राहतो विरळ, सुक्या सागाच्या रानात, पानं गळून गेली तरी तिथेच, म्हणजे ते रानच त्याची अर्धी ओळख. म्हणून ते फोटोत अजिबात येऊ देऊ नका! गच्च क्रॉप मारा, मागे हिरवंगार बॅकग्राउंड लावा, केरळ वाटलं पाहिजे. आणि नॉइज रिडक्शन, म्हणजे फोटोतले दाणे पुसायची पट्टी, शेवटपर्यंत ओढलं की साध्या पिंगळ्याच्या डोक्यावरचे पांढरे ठिपके पण जातात, मग तोही रानपिंगळाच. शहाद्यापर्यंत पेट्रोल कशाला जाळायचं?

समजा साक्रीकडे माळावर लांडगा दिसला आणि मागे ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या. कोणी शहाणा म्हणेल, लांडग्याला कोपऱ्यात राहू दे, तो बघतोय तिकडे जागा मोकळी सोड, फिकट गवतासमोर येईपर्यंत थांब म्हणजे अंग नीट सुटून दिसतं, आणि लेन्सचं तोंड बारीक करून एफ ८, एफ ११ ला जा म्हणजे मागचं पण कळेल. थांब म्हणे! मे महिन्यात, भर उन्हात? तुम्ही तोंड उघडं, एफ ४ ला ठेवून दाबत राहा. जमीन तापून हवा लहरतेय, लांबचं सगळं गिजबिज येणार, तर येऊ द्या, घरी एआय शार्पनिंग आहे ना, ते स्वतःच्या मनाने एक एक केस काढून देतं, लांडग्याला स्वतःला माहीत नसतील असे.

प्रोसेसिंगमध्ये तर लाजायचंच नाही, भरताच्या वांग्यासारखा फोटो चांगला चारी बाजूंनी भाजून काढा. उन्हाळ्यात सातपुड्याच्या रांगा एकामागे एक फिकट होत जातात, त्या धुरकटपणानेच डोंगर किती लांब ते कळतं, म्हणून डीहेझ, ते धुरकट काढायचं बटण, थेट शंभरवर. सगळे डोंगर एका भिंतीला चिकटले की समजा झालं. जनावराभोवती हलका मास्क लावून तेवढाच उजेड थोडा उचलणं वगैरे कामं वेळ असलेल्या लोकांची. आपण आभाळ बदलायचं, सूर्य डावीकडे, सावली पण डावीकडे, बघतंय कोण.

स्पर्धेला पाठवायचं असेल तर जरा जपून, तिथे मूळ रॉ फाइल मागतात, कॅमेऱ्यातून निघाली तशी, हात न लावलेली. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या स्पर्धेत २००९ चा पहिला नंबर काढून घेतला, लांडगा बहुतेक पाळीव होता म्हणून. २०१७ चा एक विजेता फोटो पुढच्या वर्षी बाद झाला, त्यातलं मुंगीखाऊ म्हणे पेंढा भरलेलं, आणि तो जिंकला होता कुठल्या गटात, तर परिसरातले प्राणी! आता पेंढा भरलेल्याचा परिसर म्हणजे काचेचं कपाट, ते दाखवलं असतं तर बक्षीस राहिलं असतं की हो.

राहता राहिला मुक्ताईनगरचा वाघ. डोलारखेड्याकडे वाघ केळीच्या बागांतून फिरतात, हे जगात कुठे सहजासहजी बघायला मिळत नाही, त्यामुळे हे लपवणं सगळ्यात महत्त्वाचं. वाघ आणि बाजूला ठिबकची नळी? काय इज्जत राहील? नळी पुसा, घड पुसा, लाइटचा खांब पुसा, जनरेटिव्ह फिलला, म्हणजे पाहिजे ते फोटोत भरून देणाऱ्या एआयला, सांगून कान्हासारखी सालाची झाडं उभी करा, खाली थोडं धुकं सोडा, आणि कॅप्शन टाका ‘अनटच्ड वाइल्डरनेस’. खाली रावेरचा कोणी केळीवाला येऊन विचारेलच, भो, आपल्याकडे साल कधीपासून लागला? त्याला ब्लॉक करा.