घाटात जुनी गाडी दमते, पण कार्बोरेटरला कशाला शिव्या?

सकाळपासून तीन ग्रुपवर तोच मेसेज आलाय, की घाटात हवा पातळ असते म्हणून कार्बोरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) गाडीला पेट्रोल कमी पडतं, दर घाटाला जेट (त्यातलं पेट्रोल सोडणारं बारक्या भोकाचं बूच) बदलावा लागतो, त्यापेक्षा फ्युएल इंजेक्शन (सेन्सरच्या हिशोबानं पेट्रोल फवारणारी सिस्टीम) बसवा, ताकद पूर्ण परत येते आणि डोक्याला ताप नाही. दारात जुनी प्रीमियर पद्मिनी उभी असलेल्या माणसाला हे वाचून गप्प बसवत नाही ओ.

पेट्रोल कमी पडतं हेच मुळात उलटंय. वर हवा विरळ होते पण कार्बोरेटर पेट्रोल त्या मानानं कमी करत नाही, म्हणून हवा-पेट्रोलचं मिक्श्चर रिच होतं, स्पार्क प्लग काळे पडतात, पिकअप मरतो. म्हणजे पेट्रोल जास्त पडतं.

आता दर घाटाला जेट. सोलापूर साडेचारशे मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास, हजार मीटरला हवा साधारण १० टक्के विरळ होते आणि मिक्श्चर बिघडतं त्याच्या निम्म्यानं, म्हणजे चार-पाच टक्के. आता गंमत बघा, जानेवारीत पहाटे १५ डिग्री आणि मे महिन्यात दुपारी ४२, एवढ्या फरकानं सोलापूरच्या सात रस्ता चौकात उभ्या उभ्या हवा जवळपास तेवढीच विरळ होते. मग उन्हाळा लागला म्हणून जेट बदलतं का कोण सोलापुरात? तुळजापूरचा घाट तर सोडूनच द्या. लेहला निघालात, ३५०० मीटरवर, तर बारका मेन जेट जरूर न्या, फक्त खाली आल्यावर आठवणीनं काढा, नाहीतर आपल्या उन्हात लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) चालून इंजिन तापतं आणि नॉकिंग (इंजिनात ठकठक) सुरू.

घाटात गाडी अडते ती बऱ्याचदा भलत्याच कारणानं. मागच्या मे महिन्यात पसरणी घाटात माझी गाडी भकाभका काळा धूर ओकायला लागली, मागचे हॉर्न मारून मारून थकले, बॉनेट उघडून बघतो तर चोकची (थंड इंजिन चालू करताना मिक्श्चर रिच करणारी झडप) केबल अर्ध्यात अडकलेली. ती सोडवली, जरा वर गेलो तर परत बंद, या वेळी एसी पंप (इंजिनावरचा पेट्रोल ओढणारा पंप, गारव्याचा एसी नव्हे) तापून आत पेट्रोलची वाफ झालेली, त्यावर ओला फडका टाकून वीस मिनिटं भेळ खात बसलो. (इथं मात्र इंजेक्शनला मार्क द्यावे लागतील, टाकीतला पंप पेट्रोल दाबानं ढकलतो म्हणून वाफेचा त्रास फार होत नाही.)

पूर्ण ताकद परत येते हे तर साफ खोटं. इंजेक्शन हवेच्या मानानं पेट्रोल मोजून देतं, मान्य, पण सिलिंडरमध्ये हवाच कमी शिरली तर १०८९ सीसीचं इंजिन ताकद आणणार कुठून, हवा कोंबायला टर्बो लागतो की.

आणि डोक्याला ताप नाही म्हणे! इलेक्ट्रिक पंप, टाकीपर्यंत रिटर्न लाइन, सायलेन्सरच्या पाइपात सेन्सर, वायरिंग आणि या सगळ्याला न चुकता करंट. ज्या जुन्या गाड्यांत करंट बनवायला अजून डायनॅमो आहे त्यांत हेडलाइट लावून वायपर चालू केला की हॉर्न घोगरा होतो, त्या करंटवर इंजेक्शन चालवा म्हणताय?