‘एच’ स्क्रू आवळण्याआधी एवढं वाचा

‘जुनी चेनसॉ (लाकूड कापायची पेट्रोलवरची साखळी-करवत) घरच्या घरी नव्यासारखी’ असा एक मजकूर मोबाइलवरून फिरतो आहे. त्यात चार सल्ले आहेत: ‘एच’ स्क्रू मशीन सर्वांत वर ओरडेपर्यंत आवळा, पेट्रोलमध्ये तेल जितकं जास्त तितकं इंजिन सुरक्षित, प्लगला करंट नसेल तर ठिणगीची कॉइल गेली समजून मशीन भंगारात द्या, आणि चेनच्या दातापुढचा उंचवटा घासला की दुप्पट कापते. साठ-सत्तरच्या दशकातल्या मशीन मी बरीच वर्षं दुरुस्त करतो आहे. पहिल्या सल्ल्याने जळालेली मशीन समोर आली की खरंच जीव तुटतो, कारण तिच्या मापाचा पिस्टन शोधायला महिने जातात आणि कधी कधी तो मिळतच नाही.

तर आधी तो कार्बोरेटरवरचा ‘एच’ स्क्रू. पूर्ण रेसवर पेट्रोल किती जायचं, ते तो ठरवतो. आवळला की पेट्रोल घटतं आणि रिकाम्या मशीनचा वेग वाढतो, इथवर मजकुरातलं बरोबर आहे. पण या मशीनच्या टू-स्ट्रोक इंजिनात वंगण सहसा पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातूनच येतं. म्हणजे वेग आणि उष्णता सर्वांत जास्त असते नेमक्या त्याच वेळी आपण आतलं तेलही तोडतो, आणि पेट्रोलच्या वाफेने मिळणारा थंडावाही. सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडातून पिस्टन बघा. त्या बाजूला उभे ओरखडे दिसले, तर तेलाविना पिस्टन घासला गेला हे कळतं.

मी असं करतो. फिल्टर साफ, कार्बोरेटरचे डायफ्राम (आतले पातळ पडदे) नवे, मग ‘एच’ आणि कमी वेगाचं पेट्रोल ठरवणारा ‘एल’ हे दोन्ही स्क्रू हलक्या हाताने टेकवून साधारण एक-एक फेरा उघडे. मशीन तापू द्यायची. ‘एल’ असा लावायचा की ट्रिगर दाबताच ती न अडखळता उचलेल, आणि स्लो, म्हणजे ट्रिगर सोडल्यावरचा वेग, इतका की चेन थांबलेली राहील. मग क्षणभर पूर्ण रेस. आवाज किंचित तुटका, फडफडता यायला हवा: पेट्रोल जरा जास्त असल्याने काही फेऱ्यांना स्फोट चुकतो. लाकडात घातली की तोच आवाज एकसंध झाला पाहिजे. लाकडातही फडफडली तर ‘एच’ एक अष्टमांश फेरा आवळा. लाकडाबाहेरच स्वच्छ किंचाळत असेल तर लगेच उघडा.

आणि लावलेलं टिकतच नसेल, स्लो आपोआप चढत असेल, मशीन आडवी केल्यावर आवाज बदलत असेल, तर स्क्रूला हात लावू नका. ती कुठून तरी हवा घेते आहे. बहुतेकदा क्रँकचे ऑइल सील वाळलेले असतात, नाहीतर कार्बोरेटरमागचं रबर चिरलेलं असतं. इंजिनाची तोंडं बंद करून हातपंपाने साधारण अर्धा बार दाब भरा, मग तेवढाच उलटा ओढूनही बघा, कारण काही सील दाबाला टिकतात आणि ओढीला सोडतात. सर्वांत कंटाळवाणं काम हेच, पण ट्यूनिंगआधी ते चुकवता येत नाही.

तेलाचं गणित लोकांना उलटं वाटतं. कार्बोरेटर मिश्रण मापून सोडतो, त्यातलं पेट्रोल वेगळं मोजत नाही. तेल वाढवलं की तेवढ्या जागेतलं पेट्रोल कमी होतं, म्हणजे स्क्रू न हलवताही मशीन लीन होते, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. जुन्या माहितीपत्रकांत पेट्रोल आणि तेलाचं प्रमाण १६:१ किंवा २५:१ लिहिलेलं असतं, ते त्या काळच्या साध्या ३० नंबरच्या तेलासाठी. आजच्या जासो एफडी या वरच्या जपानी दर्जाच्या टू-टी तेलाने मी लिटरला २५ मिली, म्हणजे ४०:१ ठेवतो आणि त्यावर कार्बोरेटर पुन्हा लावतो. लुना-राजदूत चालवलेल्यांना मापाची सवय आहेच. आता पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, त्याचाही हिशेब धरा. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्याच सेटिंगवर ई-२० लीन जळतं. शिवाय जुने पाइप आणि डायफ्राम त्याने खराब होतात. काम संपलं की टाकी रिकामी करा.

करंटचं थोडक्यात. या काळातल्या कितीतरी मशीनमध्ये फ्लायव्हीलखाली पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क, असतात. वर्षानुवर्षं पडून राहिले की त्यांवर बुरशीसारखा थर चढतो. बारीक पॉलिशपेपर, मग कोरा कागद ओढून साफ करा, फट साधारण ०.४ मिमी ठेवा, कंडेन्सर तपासा. त्यानंतरही ठिणगी आली नाही, तरच कॉइलवर संशय घ्या.

चौथा सल्ला माणसाच्या अंगावर येतो. अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या जोसेफ कॉक्स यांनी लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे बघून १९४७ मध्ये नवी चेन बाजारात आणली. आजचे दात त्याच वळणाचे. दातापुढचा उंचवटा दाताने किती खोल चावायचं ते ठरवतो. बहुतेक चेनमध्ये तो दातापेक्षा सुमारे ०.६५ मिमी खाली हवा. जास्त घासला तर दात लाकडात रुततो आणि मशीन उसळून तोंडाकडे येते. साठच्या दशकातल्या मशीनला चेन ब्रेक नसतो, त्यामुळे मध्ये थांबवणारं काहीच नाही. चेन कापत नसेल तर गोल कानशीने दातांना धार लावा, मग उंचवट्यावर गेज ठेवून मोजा. कुणी आधीच घासून ठेवला असेल, तर ती चेन आजच उतरवून ठेवा.