चिंच बाजूला ठेवा, पदकाची कड वाचा

‘आजोबांचं ब्रिटिश पदक घरात आहे? चिंचेनं घासून चकाचक करा आणि कुरियरनं लंडनला पाठवा. राजाचा चेहरा म्हणजे शौर्यपदक, लाखो रुपये मिळतात, वारसांना पेन्शनही लागते.’ हा मेसेज साताऱ्याला माझ्या मावशीपर्यंत पोचला आणि तिनं चिंच भिजत घातलीसुद्धा!

घासायचं आधी बोलतो, कारण ते नुकसान भरून येत नाही. पहिल्या महायुद्धाच्या ‘ब्रिटिश वॉर मेडल’च्या कडेवर इंग्रजी अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. अक्षरं उथळ असतात. वर्षानुवर्षं राखेनं किंवा चिंचेनं घासलं की झिजून सपाट होतात. मावशीकडच्या पदकावर ‘११७ मराठाज’ भिंगातून वाचता येतं, पण नंबराचे शेवटचे आकडे गेलेत. ही पलटण १९१५-१६ मध्ये आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकली होती. मावशीच्या घरातला माणूस त्या वेढ्यात होता की नंतर भरती झाला, हे आता शोधायचं कशावरून? एका पलटणीत एकाच नावाचे शिंदे-जाधव कितीतरी असायचे. नंबरच त्यांना वेगळं करायचा. संग्राहकही पैसे मोजतो ते या कडेसाठीच.

पदक चांदीचं असतं, एवढं मेसेजमधलं खरं. साधारण औंसभर चांदी, तेवढे पैसे सोनारही देईल. पण अशी चांदीची पदकं सुमारे ६५ लाख वाटली गेली. ती सेवेची पदकं होती, राजाचा चेहरा सगळ्यांवरच आहे. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना दुसऱ्या महायुद्धात मिळाला तो व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, ती गोष्टच निराळी. आणि सेवापदकावर वारसांना पेन्शन? साफ खोटं.

लंडनला पाठवा म्हणणाऱ्यानं १९७२ चा पुरावशेष कायदा वाचावा. शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि ही पदकं शंभरी ओलांडून गेलीत. अडकणार पाठवणारी मावशी, मेसेज लिहिणारा नाही.

माणूस शोधायचा असेल तर कडेचा स्पष्ट फोटो काढा. युद्धात मरण पावलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. ११७ वी पलटण १९२२ मध्ये आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीत आली. तिचं केंद्र बेळगावला आहे, तिथे पत्र टाका.