महापुरात सोलर पॉवर बँकेवर विसंबू नका

मे संपत आला की आमच्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तीन ग्रुपांवर आला: एक गल्लीचा, एक नातेवाइकांचा, एक शाळेच्या बॅचचा. मजकूर थोडक्यात असा. महापूर आला, लाईट गेली तरी घाबरू नका, सोलर पॉवर बँक घ्या. वीस हजार एमएएचची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप) बँक दिवसभर उन्हात ठेवली की पूर्ण भरते आणि मोबाईल चार-पाच वेळा चार्ज करते. ढगाळ हवेतही चार्ज होते, घरातल्या उजेडातही होते. टॉर्चचे, रेडिओचे सेलही तिच्या पॅनेलवर भरता येतात. एकदा घेतली की आयुष्यभर वीज फुकट.

मी सांगलीत इन्व्हर्टर, बॅटऱ्या आणि मोबाईल दुरुस्तीचं काम करतो. मेसेज पाठवणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत, आणि सगळ्यांनी तो काळजीपोटीच पाठवलाय. पण या मेसेजवर विसंबून पुरात बसलेलं एक घर मी जवळून पाहिलंय, म्हणून गप्प बसवत नाही.

ते घर माझ्या मावशीचं, सांगलीवाडीत. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट, म्हणजे त्याच्याही बारा फूट वर. मावशी आणि काका वरच्या मजल्यावर अडकले. लाईट आधीच गेलेली. मावशीकडं अशीच एक सोलर पॉवर बँक होती, झाकणावर काळं पॅनेल असलेली, आणि ती अर्धीसुद्धा भरलेली नव्हती. का भरायची? ऊन दिसलं की भरेल, असंच सगळ्यांनी सांगितलेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीचा शेवटचा फोन आला. म्हणाली, "अरे, बँक गच्चीवर ठेवलीय, हिरवा दिवा लागलाय तिचा, होईल चार्ज." त्यानंतर अडीच दिवस तिचा फोन बंद. बोट कुणाकडं पाठवायची, ते दोघं वरच आहेत की कुणी हलवलं, काही कळायला मार्ग नव्हता. दोघं सुखरूप निघाली. पाणी ओसरल्यावर मी ती बँक घरी आणून उघडली.

आता एकेक मुद्दा घेतो.

"दिवसभर उन्हात ठेवली की पूर्ण भरते." आत काय होतं ते सांगतो. पॅनेलच्या मागं दोन बारीक वायरी, त्या छोट्या सर्किटला सोल्डर केलेल्या, खाली चपटा लिथियम सेल. पाऊस उघडून लख्ख ऊन पडलं त्या दिवशी दुपारी बारा वाजता पॅनेल गच्चीवर धरलं आणि वीज मोजायचा मल्टिमीटर लावला. पाच व्होल्टला जेमतेम २०० मिलिअँपिअर. म्हणजे एक वॅट.

यात त्या एका बँकेचा दोष नाही, हिशेबच तसा आहे. भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर साधारण १००० वॅट ऊन पडतं. झाकणावरचं पॅनेल १४ सेंटिमीटर लांब, ७ रुंद, म्हणजे चौरस मीटरचा शंभरावा भाग. त्याच्यावर पडतं दहा वॅट. चांगल्या सिलिकॉन पॅनेलला त्यातले वीस टक्के पकडता येतात, म्हणजे दोन वॅट. स्वस्तातलं पॅनेल, वर जाड थर, आडवं ठेवलेलं, एवढं धरलं की हातात उरतो एक-दीड वॅट. कुठल्याही कंपनीला याच्यापुढं फारसं जाता येणार नाही, कारण झाकणच तेवढं आहे.

आता भरायचं किती ते बघा. २०,००० एमएएच गुणिले सेलचे ३.७ व्होल्ट, म्हणजे ७४ वॅट-तास. एका वॅटनं भरायचे झाले तर ७४ तास, आणि मधली गळती धरली तर त्याहून जास्त. आपल्याकडं उन्हाळ्यातही दिवसाला पाच-सहा तासच कामाचं कडक ऊन मिळतं. म्हणजे रिकामी बँक भरायला दोन आठवडे, तेही एकही दिवस न चुकता उन्हात ठेवली तर. एका दिवसाच्या उन्हानं साध्या मोबाईलचे वीसेक टक्के भरतात. हे एप्रिलचं झालं.

"ढगाळ हवेतही चार्ज होते, घरातल्या उजेडातही होते." मला सगळ्यात जास्त राग येतो तो या वाक्याचा, कारण पूर येतो तेव्हा ऊन नसतंच. पाणी कोयनेवरून येवो, वारणेवरून येवो किंवा हरिपूरच्या संगमाला दोन्हीकडून तुंबो, ते दिवस श्रावणातले, आभाळ आठ-आठ दिवस उघडत नाही. दाट ढगाखाली पॅनेलला उन्हाच्या दहा-वीस टक्केच उजेड मिळतो. एका वॅटचे दहा-वीस टक्के म्हणजे सर्किटचा स्वतःचा खर्च भागून उरणार किती? श्रावणात गच्चीवर ठेवलेली रिकामी बँक दसऱ्यालाही भरणार नाही. घरातल्या ट्यूबलाईटचा उजेड तर दुपारच्या उन्हाच्या शेकडो पटींनी कमी.

मग तो हिरवा दिवा? पॅनेलवर उजेड पडतोय एवढंच तो सांगतो. दिवा पेटायला एक-दोन मिलिअँपिअर पुरतात. माझ्या टेबलावर ट्यूबलाईटखाली ठेवलेल्या बँकेचाही दिवा लागतो, आणि सेलमध्ये त्या वेळी मोजण्यासारखं काही जात नसतं. मावशी त्या दिव्याच्या भरवशावर बसली. कामाचे दिवे ते शेजारचे चार, बटण दाबल्यावर किती भरलंय ते दाखवणारे.

"चार-पाच वेळा मोबाईल चार्ज करते." नाही. वीस हजार हा आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टचा. मोबाईलला द्यायला ते पाच व्होल्ट करावे लागतात, त्यात आकडा उतरतो आणि काही वीज उष्णतेत जाते. बँकेच्या पाठीवर बारीक अक्षरात रेटेड कपॅसिटी, म्हणजे बाहेर प्रत्यक्ष किती मिळेल ते, छापलेली असते, ती बहुधा बारा हजारांच्या आसपास. तोच खरा आकडा. पाच हजारांचा मोबाईल तिच्यावर अडीच, फार तर तीन वेळा भरतो. आणि बँक हातात घेऊन तोला. खऱ्या वीस हजारांच्या बँकेचं वजन साडेतीनशे-चारशे ग्रॅम भरतं. दोनशे ग्रॅमची असेल तर आत वीस हजार नाहीत.

उन्हात ठेवण्याचा आणखी एक धोका मेसेजमध्ये कुठंच नाही. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर तापला असताना चार्ज करू नये. काळ्या डब्यात बंद केलेला सेल एप्रिलच्या उन्हात पत्र्यावर ठेवला तर तो सहज याच्या पुढं जातो, आणि गाडीच्या काचेमागं तर विचारूच नका. पॅनेलही तापलं की कमी वीज देतं. दर मे महिन्यात माझ्याकडं टम्म फुगलेल्या बँका येतात, झाकण उचललेल्या. अशी बँक घरात ठेवू नका, चार्जिंगला तर लावूच नका. पॅनेलला ऊन हवं आणि बॅटरीला सावली हवी, आणि या वस्तूत दोघांना एकमेकांना चिकटवून ठेवलंय. खरी खोट इथं आहे.

ज्याला ही वस्तू रोज वापरावी लागते त्याच्याकडं बघा. दिवाळीनंतर जत-आटपाडीकडची मेंढरं रस्त्याला लागतात. गेल्या वर्षी पलूसजवळ एका धनगराच्या घोडीच्या पाठीवर बिऱ्हाडाच्या वर पॅनेल बांधलेलं पाहिलं, शाळेच्या पाटीएवढं, दहा वॅटचं. वायर खाली घोंगडीच्या घडीत गेलेली, आणि बँक व मोबाईल त्या घडीच्या सावलीत. मी विचारलं तर म्हणाला, "उन्हात ठिवला तर फुगतोय की." दिवसभर चालता चालता त्याचा मोबाईल भरतो आणि रात्रीचा टॉर्चही. म्हणजे सोलर चालतं. फक्त पॅनेल अंगापिंडानं मोठं हवं, आणि सुटं हवं.

"टॉर्चचे, रेडिओचे सेलही भरता येतात." इथं थोडं थांबतो, कारण यात अर्धं खरं आहे. पुन्हा भरता येणारे पेन्सिल सेल, निकेल मेटल हायड्राइडचे, १.२ व्होल्टचे, ही पुरासाठी फार उपयोगी वस्तू. मोबाईल बंद पडला तरी टॉर्च आणि ट्रान्झिस्टर चालतो, सांगली आकाशवाणी लागते. पण ते पॅनेलला थेट जोडायचे नाहीत. त्यांचा चांगला चार्जर सेल भरला हे कशावरून ओळखतो? भरत आलेल्या सेलचं व्होल्टेज शेवटी किंचित खाली येतं, त्यावरून. पॅनेलवरून ढग गेला की व्होल्टेज तसंही खाली येतं. चार्जर फसतो, मध्येच थांबतो. काही चार्जर तर ऊन परत आलं की पहिल्यापासून वेळ मोजायला लागतात, आणि भरलेला सेल पुन्हा भरत तापवतात. म्हणून पॅनेलनं आधी पॉवर बँक भरायची आणि बँकेवर सेलचा चार्जर लावायचा. बँकेची वीज ढगाबरोबर हलत नाही.

लिथियमचे गोल सेल मात्र चार्जिंग आवरणाऱ्या सर्किटशिवाय पॅनेलला कधीही जोडू नका. त्यांना ४.२ व्होल्टच्या वर नेलं की आग लागू शकते, आणि सहा व्होल्टचं म्हणून विकलेलं पॅनेल काही जोडलेलं नसताना त्याहूनही जास्त व्होल्ट दाखवतं. साधे, एकदाच वापरायचे सेलही चार्जरमध्ये घालू नका.

"आयुष्यभर वीज फुकट." मोबाईल रोज पूर्ण भरला तरी वर्षाला आठ-नऊ युनिट लागतात. बिलात ते शंभर रुपयांच्या आसपास. लिथियम सेल तीनशे ते पाचशे वेळा भरून रिकामा झाला की थकतो. एवढंच.

मग पुरासाठी काय करायचं? पॅनेल नसलेली साधी, वजनदार बँक घ्या, आणि जून लागला की महिन्यातून एकदा घरच्या लाईटवर पूर्ण भरून ठेवा. भरलेली बँक कपाटात दोन-तीन महिने सहज टिकते. लाईट गेल्यावर मोबाईल विमान मोडवर टाका आणि ठरलेल्या वेळी, समजा सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला, दहा मिनिटं चालू करा. नातेवाइकांनी तेवढ्याच वेळात फोन करायचा. असं केलं तर एका चार्जवर मोबाईल आठवडा काढतो. सोलर घ्यायचंच असेल तर गल्लीनं मिळून वीस वॅटचं घडीचं पॅनेल घ्या. निवाऱ्याच्या शाळेत गेलात तरी पाऊस उघडेल तेव्हा ते दोन-चार फोन जिवंत ठेवील.

मावशीच्या कपाटात आता दोन साध्या बँका, चार पेन्सिल सेल आणि एक टॉर्च असते. आयर्विनजवळ पाणी तीस फुटांवर गेल्याचं कळलं की ती दोन्ही बँका चार्जिंगला लावते, चारही दिवे लागले का बघते आणि मग मला फोन करते.