टर्बो गाडीच्या बूस्ट व्हॉल्व्हबद्दल खुलासा

सोलापुरातल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: टर्बो गाडीच्या वेस्टगेटच्या (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेच्या) नळीत छोटा व्हॉल्व्ह बसवा, ताकद वाढते, इंजिनाला काही होत नाही, ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) पत्ताही लागत नाही.

ताकद वाढते, हे खरं. पुढचं दोन्ही चूक. हा व्हॉल्व्ह वेस्टगेटच्या ॲक्च्युएटरकडे (ते उघडणाऱ्या भागाकडे) जाणारा दाब कमी करतो, म्हणून वेस्टगेट उशिरा उघडतं आणि बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब, चढतो. पण इनटेकमधला (इंजिनात हवा जाण्याच्या मार्गातला) मॅप सेन्सर तो दाब मोजतच असतो. साधा ओबीडी स्कॅनर (ईसीयूमधली माहिती दाखवणारं यंत्र) लावून बघा, आकडा दिसेल. मर्यादा ओलांडली की ईसीयू इंधन तोडतो किंवा गाडीला लिंप मोडमध्ये (ताकद कमी करून जपून चालण्याच्या स्थितीत) टाकतो. सेन्सरलाच फसवलं तर आणखी वाईट: हवा जादा, इंधन तेवढंच, मग नॉकिंग (सिलिंडरमध्ये इंधनाचा अवेळी भडका) आणि शेवटी पिस्टन निकामी. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो, आणि गरम हवेत नॉकिंग लवकर होतं.

बूस्ट वाढवायचाच तर इलेक्ट्रॉनिक सोलेनॉइडसोबत (ईसीयूच्या हुकमाने चालणाऱ्या व्हॉल्व्हसोबत) इंधन आणि इग्निशनचं नवं मॅपिंग (ईसीयूमधली सेटिंग) हवंच, तेही वाइडबँड सेन्सर (हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा) लावून तपासलेलं.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.