इंजिन घरी उतरवलं की निम्मा खर्च वाचतो?

"गॅरेजवाला नुसतं इंजिन उतरवायचेच पैसे घेतो. त्यामा काय ठेवेल शे? लिंबाच्या झाडाला चेनकप्पी बांधा, नटबोल्ट खोला, इंजिन बोअरवाल्याकडे (सिलिंडर आतून घासून देणाऱ्याकडे) टाका. निम्मा खर्च वाचतो." हा सल्ला सध्या जळगाव-धुळ्याकडे मोबाइलवर जोरात फिरतोय. त्यातला एकेक दावा तपासून घ्यायला हवा, कारण हा सल्ला ऐकून गाडी अंगणात उघडी पडली की पुढचं बिल दुप्पट येतं.

आधी निम्म्या खर्चाचं. इंजिन बांधायच्या बिलात पिस्टन, रिंगा, बेअरिंग, पॅकिंग सेट, बोअरिंग (सिलिंडर आतून घासणं) आणि हेड फेसिंग (इंजिनच्या वरच्या झाकणाचा, म्हणजे हेडचा, तळ सपाट करणं) यांचा वाटा मोठा असतो. उतरवायची मजुरी वाचवली तरी हे पैसे द्यावेच लागतात.

खरा प्रश्न वेगळाच आहे: इंजिन उतरवायची गरज आहे का? आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि रेडिएटरमध्ये बरेच जण कूलंटऐवजी बोअरवेलचं पाणी ओततात. त्यातल्या क्षारांचा थर आत बसतो, इंजिन तापतं आणि हेडचं पॅकिंग जातं. मग पाणी कमी होत राहतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. ऑइलचं झाकण उघडून आतून बघा, चहावरच्या सायीसारखा थर दिसेल. (पावसाळ्यात गाडी नुसती गल्लीत फिरत असेल तरी झाकणाला असा थर धरतो, म्हणून डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टीही पाहा.) हे पॅकिंग बदलायला फक्त हेड उतरवावं लागतं, इंजिन जागेवरच राहतं. क्लच प्लेटसाठीही बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स तेवढा खाली घेतात.

इंजिन उतरवायची गरज आहे का हे कळायला पेट्रोल गाडीचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेज लावून मोजा. इंजिन गरम, बॅटरी भरलेली, सगळे प्लग काढलेले, फ्युएल पंपाचा फ्यूज काढून इग्निशन, म्हणजे प्लगची ठिणगी, बंद केलेलं, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. छोट्या गाड्यांत साधारण दर चौरस सेंटिमीटरला 11 ते 14 किलो दाब मिळतो. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. दाब वाढला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) गेले. वाढला नाही तर दोष वॉल्व्हमध्ये किंवा पॅकिंगमध्ये आहे, म्हणजे इंजिन उतरवायचं कारण नाही. खरे पैसे इथे वाचतात.

आता झाडाची फांदी. छोट्या तीन सिलिंडरच्या गाडीचं इंजिन गिअरबॉक्ससकट शंभर किलोच्या आसपास भरतं, मोठं डिझेल इंजिन त्याहून कितीतरी जड. ते उचलताना सरळ वर येत नाही. एखादं फाउंडेशन (इंजिन धरून ठेवणारा रबरी आधार) अडकतं, मग सुटतं, आणि तो झटका फांदीवर येतो. पत्र्याच्या शेडचा अँगलही तेवढ्यासाठी बनवलेला नसतो. एक टनाची चेनकप्पी आणि रुंद पायांची लोखंडी तिवई एवढं तरी हवंच. गाडीखाली घोड्या (जॅक स्टँड) लावा. विटा किंवा नुसता जॅक चालणार नाही. काही गाड्यांत तर इंजिन वरून निघतच नाही, सबफ्रेमसकट (खालच्या लोखंडी चौकटीसकट) खाली घ्यावं लागतं. त्याला लिफ्टच लागते.

"एसीचा पाइप सैल करा, गॅस निघून जाईल" हा सगळ्यात वाईट सल्ला. आर-134ए हा गॅस उणे 26 अंशाला उकळतो. हातावर किंवा डोळ्यात उडाला तर जागच्या जागी इजा होते. पाइप सोडूच नका. कॉम्प्रेसरचे बोल्ट काढून तो पाइपांसकट बाजूला तारेने बांधून ठेवा. सीएनजीच्या लाइनमध्ये 200 बारपर्यंत दाब असतो, तिला घरी हात लावू नये.

"जसं काढलं तसं उलट बसवा" हेही अर्धंच खरं. वायरींच्या प्रत्येक कपलरवर चिकटपट्टी लावून नंबर टाका, बोल्ट लांबीप्रमाणे वेगळ्या डब्यांत ठेवा. क्लच प्लेट मध्यावर न धरता बसवली तर गिअरबॉक्सचा शाफ्ट आत शिरत नाही. मग लोक बोल्ट आवळून तो ओढतात आणि गिअरबॉक्सचा कान (बोल्ट बसायची जागा) तुटतो. गिअरबॉक्स हाताने ढकलून इंजिनला पूर्ण टेकला पाहिजे, बोल्ट त्यानंतर. त्याचं वजन शाफ्टवर लोंबकळू देऊ नका, प्लेट वाकते. ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी असतो तो) पूर्ण आत बसला नसेल तर गिअरबॉक्सचा ऑइल पंपच फुटतो.

भंगारातलं दुसरं इंजिन टाकणार असाल तर नवा इंजिन नंबर आरटीओकडे आरसीवर चढवून घ्यावा लागतो.

बांधलेलं इंजिन पहिल्यांदा लगेच चालू करायचं नाही. फ्युएल पंपाचा फ्यूज आणि प्लग काढून, प्लगची ठिणगी बंद ठेवून दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, मध्ये सेल्फला थंड होऊ द्या. ऑइलचा दिवा विझेपर्यंत प्लग लावू नका.